अवेळी सुटलेलं पाणी

मी बोलतेय ती वरून. जरा मान वर करा, म्हणजे दिसेन. आठ पाय, गोल गरगरीत पोट, डोक्यावर झाकण आणि अंगावर चुन्याचे पांढरे ओघळ. मी या शहराची पाण्याची टाकी. शहर म्हणायचं ते इथल्या माणसांचा मान राखायला, कारण गाव म्हटलं की त्यांना राग येतो. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावर बसलेल्या कावळ्याला सगळं शहर एका नजरेत दिसतं.

थोड्याच दिवसांत माझ्यावर हातोडे पडणार आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वय झालं, अंगातलं लोखंड गंजलं, पोटाला भेगा गेल्या. रडगाणं गाणाऱ्यांतली मी नव्हे. पण जाण्याआधी एका माणसाची सोय लागलेली मला बघायची आहे आणि ते आता माझ्याच्यानं होण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला हाक मारली; तुम्ही इथे नुकतेच राहायला आला आहात. काय ते कळायला मात्र सगळं पहिल्यापासून ऐकावं लागेल.

माझ्याआधी इथे एक विहीर होती आणि विहिरीपुरतीच माणसं होती. मग काचेचा कारखाना आला. बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या. भट्टीवर माणसं हवीत म्हणून चहूकडून माणसं आली, त्यांच्यामागून त्यांच्या बायका आल्या, मग मेहुणे, भावजया, आणि सगळ्यांना पोरंबाळं झाली. विहिरीवर भांड्याला भांडं लागायला लागलं. भांडणं थेट कारखान्याच्या मालकापर्यंत गेली, तेव्हा कुठे मला बांधायचं ठरलं.

मी वाढले ती घमेल्याघमेल्यानं. माणसांची रांग परांचीवर उभी राहायची आणि खालचं घमेलं हातोहात वर यायचं. ज्या बाईनं शेवटचं घमेलं ओतलं तिनं खाली उतरून माझ्या पायावर थाप मारली आणि म्हणाली, "सांभाळ गं बाई आता सगळ्यांना." मी ते फार मनावर घेतलं.

आणि पहिल्यांदा पाणी भरलं तर मी गळायला लागले! सगळं शहर खाली जमलेलं, आणि माझ्या पोटातून धार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लोक हसत घरी गेले. पण नव्या सिमेंटमध्ये एक गुण असतो, पाझरता पाझरता त्यातला चुना बाहेर येतो आणि आपली फट आपणच बुजवतो. काही आठवड्यांनी मी ठणठणीत कोरडी झाले. अंगावरचे ओघळ तेव्हाचे आहेत. पुढे कितीदा रंग दिला तरी ते डोकं वर काढतातच.

मग वॉलमन आला. गल्लीगल्लीत रस्त्याखाली पाणी सोडायचे जे वॉल असतात ते ठरल्या वेळी उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे चावी होती, पण खिशात घालायची नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी कांब, खाली चौकोनी खोबण, वर आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून तो सायकल चालवायचा. नुकतंच लग्न झालेलं होतं. नगरपालिकेनं त्याला राहायला माझ्या पायांमधली खोली दिली. एक दार, एक खिडकी आणि डोक्यावर सगळ्या शहराचं पाणी. त्याच्या बायकोनं पहिल्याच दिवशी वर बघितलं आणि घाबरून विचारलं, "अहो, ही कोसळली तर?"

"तर आपल्याला सगळ्यांच्या आधी कळेल," तो म्हणाला.

हा माणूस कमी बोलायचा, आणि बोलला की असं. त्याच्या वाटचं बोलणं मग ती बोलायची, आणि तिच्या वाटचंही. लोक त्याला काका म्हणायला लागले आणि तिला टाकीखालची काकू. पुढे त्यांना एक मुलगी झाली. ती माझ्या जिन्याच्या पायऱ्यांवर रांगली आणि तिथेच बसून अभ्यास करून मोठी झाली.

शहरातली माणसं मोजायला माणसं दारोदार हिंडतात. मला कधी हिंडावं लागलं नाही. माझ्या पोटातलं पाणी किती भरभर उतरतं यावरून मला सगळं कळायचं. माझ्या पोटात एक तरंगा आहे, त्याची साखळी बाहेरच्या काट्याला बांधलेली आहे. पाणी उतरलं की काटा वर चढतो. नव्या साहेबांना हे उलटं गणित हमखास चुकायचं. काटा वर पाहून ते खूश व्हायचे आणि काकू पदराआड हसायची.

दवाखान्याची ओढ बारीक, पण दिवसरात्र न थांबणारी. शाळेची मधल्या सुट्टीत एकदम, हिसडा मारल्यासारखी. सिनेमाघर मध्यंतरात जागं व्हायचं. वाचनालयात एकच नळ आणि तोही गळका, तिथे वाचकांपेक्षा थेंबच जास्त. पोहण्याचा तलाव भरायचा असला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. बागेतलं कारंजं फक्त कोणी मोठा पाहुणा आला की उडायचं, त्यामुळे शहराला किती मान आहे हेही मला समजायचं. आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला बाळंतिणींची खोली होती. तिथली ओढ अचानक वाढली की मला कळायचं, एक माणूस वाढलं. माझा त्या दिवसाचा आनंद कुणाला दिसला नसेल, पण तो मला व्हायचा.

जन्म असा आपोआप कळायचा. मरण कळायला लागलं ते वॉलमनमुळे.

भट्टीवर काच फुंकणारा एक म्हातारा भर दुपारी वारला. त्याच्या गल्लीचं पाणी सकाळीच येऊन गेलेलं. घरात माणसं जमायला लागली आणि पिंपात बोटभर पाणी. त्याची सून कळशी घेऊन टाकीखाली आली. नवी नवरी होती, मागायला जीभ रेटेना. दारात नुसती उभी राहिली.

"कोण गेलं?" वॉलमननं विचारलं.

"मामंजी."

त्यानं कळशी भरून दिली नाही. चावी खांद्यावर टाकली, सायकल काढली आणि जाऊन अख्ख्या गल्लीचं पाणी सोडलं. उघडे राहिलेले नळ आधी घरघरले, मग घरोघर वाहायला लागले. बायका बाहेर आल्या. "आत्ता कसं काय पाणी?" असं एकमेकींना विचारता विचारता त्यांना कारण कळलं. मग जी ती आपली पहिली बादली भरून त्या घरात नेऊन ठेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचं कार्यालय माझ्या समोरच आहे, खिडकी उघडी होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कुणाला विचारून पाणी सोडलंत?"

"घरात माणूस गेलं होतं, साहेब."

"अहो, शहर आहे हे! रोज कुणी ना कुणी जाणारच."

"हो ना. म्हणून तुम्हाला रोज त्रास नको म्हटलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि विषय संपला. तेव्हापासून ही रीतच पडून गेली. ज्या घरात कुणी गेलं त्या गल्लीला अवेळी पाणी सुटायचं. नळ घरघरला की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, पुरुष चपला घालायचे. निरोप द्यायला कुणाला धावावं लागायचं नाही. आणि पहिली बादली त्या घरी. एक दुकानदार होता, इतका चिक्कू आणि इतका तिरसट की गल्लीत त्याचं कुणाशी धड नव्हतं. तो गेला तेव्हाही पाणी सुटलं. लोक बादल्या भरून आले ते तोंडं वाकडी करूनच आले. पण आले, आणि आल्यावर त्याची म्हातारी एकटी बसलेली बघून संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही.

आता टाकीखालच्या घराचं सांगते. दर काही वर्षांनी शहराची मोजणी व्हायची. शाळेतल्या मास्तरीणबाई पिशवी घेऊन घरोघर जायच्या. माझ्याजवळ आल्या की पुढे निघायच्या. पहिल्या वेळी काकू मुलीला कडेवर घेऊन त्यांच्यामागे धावली.

"बाई, आम्हाला विसरलात की!"

"काकू, ही टाकी आहे हो. हिला घरनंबर कुठाय?"

"नंबर नसेना. आम्ही तिघं जिवंत माणसं आहोत ना?"

"तुमचं नगरपालिकेत होईल," बाई म्हणाल्या. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. आणि नगरपालिकेत विचारलं तर उत्तर मिळालं, "मोजायचं काम शाळेकडे आहे." वॉलमन हसला आणि चावीला तेल लावायला बसला. काकूला मात्र ते लागलं. शहराच्या वेशीवर एक पाटी आहे, तिच्यावर लोकसंख्या लिहिलेली असते. बाहेरगावाहून येताना पाटी दिसली की ती दर वेळी पुटपुटायची, "तीन कमी."

एका संध्याकाळी दोघं दारात बसली होती. ती भाजी निवडत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अहो, मी गेले तर कुठल्या गल्लीला पाणी सोडाल?"

"काहीतरीच काय?"

"काहीतरी नाही. आपल्याला गल्लीच नाही. आपला नळ टाकीच्या पायाला, त्याला पाणी कायमच. अवेळ व्हायची कशी? कुणाला कळणार नाही, कुणी येणार नाही. सगळ्या शहराचं केलंत तुम्ही, आणि आपण आपले कुणाच्यातच नाही."

त्यानं तिच्यापुढची निम्मी भाजी आपल्याकडे ओढून घेतली आणि निवडायला लागला.

मग कारखाना बंद पडला. काचेच्या बाटल्या कुणाला नको झाल्या. भट्टी विझली त्या आठवड्यात तरी काही फरक कळला नाही, पण पुढे पुढे माझं पोट दुपार उलटली तरी निम्मं भरलेलं राहायला लागलं. घरसामान लादलेले ट्रक माझ्यासमोरून जायचे, वर गुंडाळलेल्या गाद्या, त्यांवर उलटी ठेवलेली खुर्ची. तलाव कोरडा पडला. सिनेमाघराला कुलूप लागलं. शाळेचा हिसडा नाजूक झाला. शेवटी बाळंतिणींची खोलीही मोठ्या शहरात हलवली, आणि माणूस वाढल्याचं मला कळेनासं झालं. अवेळचं पाणी मात्र चालूच होतं. टाकीखालची मुलगीसुद्धा नोकरीसाठी लांब गेली आणि तिथेच संसाराला लागली. वॉलमन निवृत्त झाला, पण त्याच्या जागी कुणी आलंच नाही. "नवी योजना येईपर्यंत तुम्हीच बघा," असं साहेब म्हणाले. तो पांढऱ्या केसांनी तीच चावी खांद्यावर टाकून फिरत राहिला. सायकल आता हातात धरून चालायचा.

आणि एका सकाळी शहरात पाणीच आलं नाही.

आधी पहिल्या गल्लीनं वाट पाहिली, मग दुसरीनं. बादल्या रांगेत, नळ कोरडे. लोक कुरकुरायला लागले. "म्हातारा झोपला वाटतं," कुणी म्हणालं. शेवटी त्या काच फुंकणाऱ्याची सून तणतणत टाकीकडे निघाली. आता तीही आजी झाली होती, शिवणकाम करायची, गळ्यात मापाची टेप तशीच.

वॉलमन उंबऱ्यावर बसला होता. आत काकू पलंगावर निजलेली होती. पहाटे त्यानं चहा करून तिला हाक मारली तेव्हा ती उठली नव्हती. चहा तसाच होता. चावी भिंतीला टेकलेली होती आणि तो त्या चावीकडे बघत होता. जन्मभर दुसऱ्यांसाठी जे केलं ते त्याला उठून करता येत नव्हतं. अंगात बळ नव्हतं म्हणून नाही. जायचं कुठल्या गल्लीत, हेच त्याला कळत नव्हतं. एवढं पाणी पोटात, आणि थेंब सोडायला हात नाहीत.

शिवणवाली दारात उभी राहिली. तिनं आत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कोण गेलं?" तिला दिसत होतंच. पण कधीकाळी त्यानं तिला तसंच विचारलं होतं.

"ही," तो म्हणाला.

तिनं पदर खोचला आणि चावी उचलली. खांद्यावर पेलवेना, तेव्हा रस्त्यानं फरफटत आपल्या गल्लीत नेली. लोखंडाचा तो खणखणाट ऐकून माणसं बाहेर आली.

"आज काय हे? किती वाजले!" एकानं आवाज चढवला.

"काकू गेली. टाकीखालची."

त्यानं बादली खाली ठेवली आणि चावीच्या दांड्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून वॉल फिरवला. माझ्या पोटातून पहिली ओढ लागली आणि मला हुंदका आल्यासारखं झालं.

पण गोष्ट तिथेच थांबली नाही. शेजारच्या गल्लीतला दूधवाला पुढे आला. "तुमच्या गल्लीला का म्हणून? काकू दूध आमच्याकडून न्यायची. ती आमच्यातली." त्यानं चावी ओढून घेतली. त्यांच्या गल्लीत पाणी सुटतंय तोवर बाजारातल्या बायका येऊन भांडायला लागल्या. काकू रोज आमच्या ओट्यावर बसून गप्पा मारायची, आमच्यावाचून तिचा दिवस जायचा नाही, मग आम्ही काय परके? चावी हातोहात फिरायला लागली, माझी घमेली फिरली होती तशी. प्रत्येक गल्लीनं आपला वॉल आपण उघडला. कुणाला फिरवायचं माहीत नव्हतं, उलटं फिरवलं, शिव्या दिल्या, मग सुलटं फिरवलं. शहरातले सगळे नळ एकदम कधीच चालू झाले नव्हते. त्या सकाळी झाले. माझा काटा सरसर वर चढत गेला. माझ्या एवढ्या आयुष्यात मी कुणासाठी तळापर्यंत रिकामी झाले असेन तर त्या बाईसाठी.

आणि मग बादल्या आल्या. सगळ्या गल्ल्यांमधून, हिंदकळत, रस्ता भिजवत. खोलीत जागा होईना म्हणून माझ्या आठही पायांभोवती त्या ठेवल्या. मास्तरीणबाईसुद्धा आल्या, काठी टेकत. नातवाकडून बादली आणवली होती. त्या वॉलमनपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मी हिला कधी लिहिलं नाही हो." वॉलमननं मान वर करून त्या सगळ्या बादल्या बघितल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत काकूकडे वळून तो म्हणाला, "अगं, बघितलंस का किती गल्ल्या आहेत आपल्या?"

त्यानंतर मुलगी आली, बाबा माझ्याकडे चला म्हणाली. तो गेला नाही. शिवणवालीनं आपल्या घराची बाहेरची खोली त्याला दिली आहे. दाराला नंबर आहे. यंदा मोजणी झाली तेव्हा त्याला मोजलं. तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या पायरीवर बसतो. माझ्याशी काही बोलत नाही, पण तो कधी फार बोलायचाच नाही.

नवी योजना आली आहे. आता पंप थेट नळात पाणी ढकलणार आणि दिवसभर केव्हाही नळ उघडा, पाणी येणार. वॉल उघडायला माणूस लागणार नाही, चावी लागणार नाही, मीही लागणार नाही. चांगलंच आहे ते. त्या शिवणवालीसारखी कळशी घेऊन कुणी दारात उभी राहायला नको, असं मलाही वाटतं. फक्त एक आहे. पाणी जर सगळ्याच वेळी येणार असेल तर अवेळी कधी येणारच नाही. नळ घरघरणार नाही, बाई हातातलं काम टाकून दारात येणार नाही, आणि भिंतीपलीकडे कुणी गेलं तरी तुमच्या घरात काही बदलणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे. मला वाचवा असं मी म्हणत नाही. हातोडे येतील तेव्हा येऊ देत, शेवटचं घमेलं ओतणाऱ्या त्या बाईनं सांगितलं होतं तसं मी माझ्याकडून सांभाळलं. पण तो म्हातारा आता तुमच्या गल्लीत राहतो. शिवणवालीची बाहेरची खोली, हिरवं दार, दाराशी टेकून ठेवलेली ती चावी. कधीतरी त्याचाही दिवस येईल. त्या दिवशी माझ्यात पाणी नसेल, मीच नसेन. तेव्हा कुणी हाक मारायची वाट बघू नका. तुमच्या नळाखाली एक बादली लावा, आणि भरली की तेवढी त्याच्या दारात नेऊन ठेवा.